डाग कागदावरचा की माणसावरचा

आमच्या दुकानात लोक फोटो बादलीतून आणायचे. थट्टा नाही करत. सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरून ओसरलं, की तिसऱ्या दिवसापासून पायरीवर रांग. कोणाकडे प्लॅस्टिकची बादली, कोणाकडे पितळेची कळशी, आणि आत पाण्यात बुडवलेले आजोबा, मुंज, साखरपुडा. शेजारचा कापडवाला गल्ल्यावरून ओरडायचा, "काय गं, आज बांगडे का बोंबील?" मी म्हणायचे, "तुमचे सासरे आलेत, दोन नग. सोलून देऊ?" माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं.

ही बादलीची शिस्त चाचांनी लावलेली. आमच्याकडची माणसं पूर ओसरला की पहिलं काय करतील, तर अल्बम उचलून पत्र्यावर वाळत घालतील. आणि मग ते फोटो एकमेकांना असे चिकटतात, की सोडवायला गेलं तर नवऱ्याचं नाक बायकोच्या पदरावर येतं. चाचांनी दारात पाटी लावली: ‘भिजलेले फोटो वाळवू नयेत. ओढू नयेत. स्वच्छ पाण्यात घालून आणावेत.’ लोक आधी हसले. एका वर्षी हसले, दुसऱ्या वर्षी बादल्या घेऊन आले. चाचा म्हणायचे, "पानी हाय तवर फोटो जिता हाय गो. वाळला का मेला."

चाचा माझे कोणी लागत नव्हते. सगळं महाड त्यांना चाचा म्हणायचं म्हणून मीही म्हणायचे. उंच, काटकुळे, डोक्यावर जाळीची टोपी आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग. तीस वर्षं मुंबईत एका स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल आणि ब्रश चालवून डाग घालवायचं काम केलेलं. तिथं संगणक आला आणि पेन्सिलवाल्यांना घरी पाठवलं. दुसरा कोणी असता तर संगणकाला शिव्या घालत गावच्या ओट्यावर बसला असता. चाचांनी काय केलं, तर होतं नव्हतं ते घालून तोच संगणक आणि एक स्कॅनर विकत घेतला आणि महाडला आणला. "ज्यानं माझी भाकर घेतली त्याला बघू तरी, कसा करतो माझं काम," म्हणाले.

शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. इंग्रजीचा गंध नाही. मी डीटीपीचा कोर्स करून घरी बसलेले. लग्नपत्रिका करायच्या होत्या आणि माझ्याकडे मशीन नव्हतं. ते म्हणाले, "तू विंग्रजी वाच, मी तोंडं बघतो. सकाळची मशीन तुझी, दुपारची माझी." अशी सहा वर्षं गेली. मला वाटायचं, मी त्यांना संगणक शिकवतेय.

त्यांच्या सवयी म्हणजे माझ्या डोक्याला ताप. मुंबईत ब्रशचं टोक करण्यासाठी तो ओठांत धरायचा, त्यामुळे माऊस हातात घेण्याआधी ते बोट जिभेला लावायचे. मी रोज माऊस पुसायचे, ते रोज लावायचे. संगणकासमोर चप्पल नाही, स्कॅनरच्या तीन हात आत चहा नाही. कोणाचाही चेहरा उघडण्याआधी हातपाय तोंड धुऊन यायचे. "दुसऱ्याच्या तोंडाला हात लावायचा, तर आपला तरी स्वच्छ पायजे." मेनूमधले शब्द त्यांना वाचता येत नसत, तर जागेवरून पाठ केलेले: वरून तिसरा, मग खाली सातवा. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि सातवा नववा झाला, तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जणू मीच जागा बदलली.

पण एकदा का भिंग डोळ्याला लावलं, की मी पत्रिकेचं काम टाकून बघत बसायचे. सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी खिडकी असते, तिच्यात फोटोतलं काळं किती, पांढरं किती याचा आलेख दिसतो. चाचा त्याला डोंगर म्हणायचे. "बघ बाय, डोंगर सगळा डावीकडं बसलाय, उजवीकडं रान मोकळं. फोटो काळोखात हाय." मग खालचा छोटा त्रिकोण सरकवत सरकवत डोंगराच्या पायथ्याला आणून टेकवायचे, आणि तो काळाकुट्ट फोटो उघडायचा. मागच्या भिंतीतल्या खिडकीचे गज दिसायचे. कोणाच्या तरी हातातली बांगडी दिसायची. त्या घरातल्या माणसांनी तीस वर्षं बघून न पाहिलेली गोष्ट पुढ्यात यायची. मी शंभरदा बघितलं असेल, शंभरदा माझ्या अंगावर काटा आला.

त्याच खिडकीत ‘ऑटो’ असं बटण होतं. एकदा मी शहाणपणा करून ते दाबलं. चाचांनी माझ्या हातावर फुटपट्टी मारली. अहो, मी सव्वीस वर्षांची होते! "त्या बटनाला काय ठाव, फोटो सांजेला काढलाय का दुपारी? समद्यांची दुपार करतंय ते."

आणि एक गोष्ट तर मी आजवर कुठल्या पुस्तकात इतकी सोपी वाचलेली नाही. फोटोवर बुरशीचे बारीक ठिपके पडले की ते घालवायची एक युक्ती सॉफ्टवेअरमध्ये असते. ती प्रत्येक ठिपक्याच्या आजूबाजूचे ठिपके बघते आणि त्यांच्यातला मधला रंग त्याला देते. मी ते इंग्रजीतून वाचून दाखवलं. चाचा म्हणाले, "म्हंजे शेजाऱ्यांना विचारायचं, हा खरा का खोटा." आणि मग बराच वेळ पडद्यावरच्या एका म्हातारीच्या डोळ्याकडे बघत राहिले. "पन बाय, डोळ्यात जी चमक असते ना, तीपन एकटीच असते. आजूबाजूला समदं काळं. शेजारी म्हनतील, काढून टाका हिला." त्यांनी ती युक्ती कपाळावर वापरली, गालावर वापरली, आणि डोळे सोडून दिले. डोळ्यांतले ठिपके एकेक करून हातानं काढले, चार दिवस. चौथी शिकलेला माणूस! मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

काम नाकारण्यात तर त्यांचा हात कोणी धरला नसता. पोलादपूरकडच्या डोंगरातला एक बाप लेकीचा फोटो घेऊन आला, स्थळांना पाठवायचा होता. म्हणाला, "जरा उजळ करा." चाचा म्हणाले, "फोटोला नांदवनार हायेत का पोरीला?" बाप उठून गेला. मग पोरगी स्वतः आली, म्हणाली, चाचा, आहे तसाच द्या. त्या फोटोवर त्यांनी इतकं काम केलं की मी चकित झाले. रंग तोच सावळा, पण तिच्या डोळ्यांत असं काही आलं की बघणाऱ्यानं नजर खाली घ्यावी. दुसरा एकजण पाचाडचा, भावाशी जमिनीवरून बोलणं बंद. आईबापाच्या फोटोत मधे भाऊ उभा. "तेवढा काढून टाका." चाचांनी फोटो परत त्याच्या हातात ठेवला. "मी डाग काढतो. भावाला काढायला कोर्टात जा."

मला हे सगळं नखरे वाटायचे. पत्रिकांची घाई, एमआयडीसीतल्या पोरांना शिफ्टला जायच्या आत पासाचे फोटो हवे, आणि इथे हा माणूस एका भुवईवर बसलाय. "चाचा, घोडं कुठं पेंड खातंय?" मी विचारायचे. ते म्हणायचे, "आधी मला कळू दे, डाग कागदावरचा हाय का मानसावरचा. मग काढतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थच मला ऐकू येईनासा झाला होता. तुडीलच्या खालांच्या फोटोपर्यंत.

त्या वर्षीच्या पुरात नदीकाठची घरं छपरापर्यंत बुडाली होती. तुडीलहून एक बाई आली, बरोबर विशीतली लेक. बाईंच्या हातात डालडाचा डबा, त्यात पाण्यात एकच फोटो. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले. फोटो लग्नातला. वाडीतली पंधरा-वीस माणसं उभी, मधे नवरा, सेहरा बाजूला केलेला. तोंड माझ्या करंगळीच्या नखाएवढं, आणि त्यावर बुरशी बसलेली. लेक म्हणाली, "ताई, हे माझे अब्बा. दुसरा फोटो नाय. पुढल्या जुम्म्याला निकाह हाय माझा, मला सोबत न्यायचाय. नुसतं अब्बांचं तोंड, मोठं करून." तिनं बापाला पाहिलेलं नव्हतं. लग्नानंतर चार महिन्यांनी तो सौदीला गेला आणि तिकडेच वारला. मातीसुद्धा तिकडेच झाली. लेक नंतर जन्मली.

चाचांनी फोटो पाण्यातून काढला, दोन बोटांवर धरून, तान्हं मूल धरतात तसा. ओला असतानाच काचेच्या पट्टीवर घेऊन कसाबसा एकदा स्कॅन केला आणि तोंड मोठं करून पडद्यावर आणलं. डाव्या भुवईच्या वर एक तिरपी फिकट रेघ होती. चाचा म्हणाले, "भाभी, हितं काय वन होता का त्यांना? जखमेचा?"

खाला पडद्याकडे बघत राहिल्या. "बुरशीच असंल. काढा."

"असंल म्हनू नका. सांगा."

लेक म्हणाली, "अम्मी, आठव ना." खालांनी तिला दहाची नोट काढून दिली आणि समोरच्या दुकानातून सेफ्टी पिना आणायला पाठवलं. ती पायरी उतरली तसा खालांनी पदर तोंडावर घेतला. "भाई, पोरीला नका सांगू. मला तेचं तोंड आठवत नाय. लहानपनी वाडीत होता तो, माझ्या फुपीचा, अब्बांच्या भैनीचा पोर. मग मुंबईला गेला मामाकडं. आला तो लग्नालाच, नि चार महिन्यांत गेला. फोटो बघून बघून मला फोटोच आठवायचा, येवढा ठिपका. पोरगी विचारते, कसा होता, कसा बोलायचा. मी काय वाट्टेल ते सांगते. आता ती जाईल. तिच्या हातात काय देऊ मी?"

लेक परत आली, पिना देत म्हणाली, "आठवलं?" खाला म्हणाल्या, "भाई बघतील."

चाचांनी फोटो टिपकागदात घालून जड पुस्तकांखाली दाबून ठेवला. "वाळून सपाट झाला का दुसरा स्कॅन करीन. तवर त्या रेघेला हात नाय लावायचा." मला बजावून बहिणीला बघायला पोलादपूरला गेले, ती आजारी होती. येतो म्हणाले दोन दिवसांत.

दुसऱ्या दिवशी लेक आली. "ताई, झाला? परवा मेंदी. घरात बायका विचारतायत." तिचे डोळे बघून माझ्यानं राहवलं नाही. आणि खरं सांगायचं तर नुसती दया नव्हती, शहाणपणाही होता. मला दाखवायचं होतं की हे काम चार दिवसांचं नाही, पाच मिनिटांचं आहे. बाईला आठवत नाही, माणूस मातीत, मग विचारायचं कोणाला? भुवईवरचं कपाळ थोडं उचललं, रेघेवर ठेवलं. गेली. डोंगर सरळ केला, धार लावली, चांगल्या कागदावर छापून दिला. काय देखणा माणूस दिसत होता! पोरगी फोटो छातीशी धरून रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि मनातल्या मनात चाचांना म्हटलं, बघा.

चाचा आले, मी ऐटीत सांगितलं. ते आत गेले, हातपाय धुऊन आले. पुस्तकांखालून मूळ फोटो काढला, आता तो कोरडा, सपाट झालेला. मलमलीच्या तुकड्यानं स्कॅनरची काच पुसली, फोटो ठेवला, स्कॅन केला. मग फोटो उलटा फिरवला, डोकं खाली पाय वर, आणि परत स्कॅन केला. दुसरं चित्र पडद्यावर सरळ करून पहिल्याच्या शेजारी लावलं.

"हिकडं ये. काय दिसतं?"

"दोन्ही सारखे आहेत."

"नीट बघ."

मी भिंग घेतलं. बुरशीच्या प्रत्येक फोडाला पहिल्या चित्रात एका बाजूला बारीक सावली होती, दुसऱ्यात तीच सावली दुसऱ्या बाजूला गेली होती. सुरकुत्यांचंही तेच. सगळा चेहरा असा इकडून तिकडे हललेला. भुवईवरची रेघ तेवढी जिथल्या तिथे होती.

"मशीनचा दिवा येकाच बाजूनं येतो," चाचा म्हणाले. "कागदावर जे उठलंय त्याची सावली ह्या दिव्याची. कागद फिरवला का ती फिरते. आनि ही बघ. हिची सावली त्या लग्नाच्या दिवशीच्या उन्हाची. ती कशाला हलंल गो?"

मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. बाईला आठवत नव्हतं, माणूस उरला नव्हता, आणि ह्यांनी त्या कागदालाच विचारलं, आणि कागदानं सांगितलं! हे कोणी शिकवलं त्यांना? कोणी नाही. मशीन काय करतं ते बघत बसायचे, तेवढ्यावर. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि माझी मान खाली गेली. मी त्या माणसाच्या तोंडावरून खरंच त्याचं काहीतरी पुसून टाकलं होतं आणि त्याच्या लेकीला म्हटलं होतं, घे, हा तुझा बाप.

"रागवा ना चाचा," मी म्हटलं.

"रागवून काय रेघ येनार हाय? सरक, बसू दे." आणि बोट जिभेला लावून कामाला बसले. त्या दिवशी मी माऊस पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी, मेंदीच्या सकाळी, आम्ही एस.टी.नं तुडीलला गेलो. घरात बायकांची गर्दी, पुराच्या गाळाची रेघ अजून भिंतीवर कमरेएवढी. खालांनी आम्हाला मागच्या पडवीत बसवलं. मी दिलेला फोटो कपाटाच्या दाराला आतून लावलेला होता. बाहेरच्या खोलीत नमाज पढतात, तिथं तसबीर लावत नाहीत, म्हणून आत. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण खालाच बोलल्या. "ताई, फोटो लई छान केलास. दोन दिस बघते. कोनतरी चांगल्या घरचा मानूस वाटतो." मग हळूच, "माझ्या घरचा वाटत नाय. माझीच चूक असंल."

चाचांनी पिशवीतून पाकीट काढलं. "चूक तुमची नाय भाभी. आमच्याकडनं डाग समजून मानसाचंच काय तरी गेलं. हा बघा. ह्याच्यात आम्ही आमच्या मनाचं काय घातलेलं नाय, त्याचं काय काढलेलं नाय."

लेक आली, हातांना मेंदी लावलेली, तळवे वर धरून. खालांनी फोटो उजेडाकडे धरला. अंगठा आपोआप त्या रेघेवर गेला आणि तिथेच राहिला. मी चाचांकडे बघितलं. ते फोटोकडे नाही, खालांच्या अंगठ्याकडे बघत होते.

"या अल्ला," खाला म्हणाल्या. "हा माझा दगड हाय."

"काय, अम्मी?"

"माझा दगड गो! मी आठ वर्सांची, तो धाचा. फुपीच्या आंब्यावर कैऱ्या मारत होतो. मी मारला तो फांदीला लागला नाय, ह्याच्या कपाळाला लागला. हितं, हितंच! रगत आलं येवढं. मी रडाया लागले. फुपी घरातनं आरडत भायेर आली." त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं. "आनि हा, माझ्या पोरी, हा रडला नाय. फडका लावून हसत उभा, दातात फट होती पुढं, डावा गाल वर जायचा. कोनाला सांगितलं नाय त्यानं. लग्न झालं तरी नाय. म्हनायचा, झाडावरनं पडलो."

लेक मेंदीचे हात तसेच हवेत धरून खाली बसली. "बोलला काय तेव्हा?"

"बोलला ना." खालांनी फोटो गुडघ्यावर टेकवला, मान जरा वाकडी केली, आणि त्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईच्या तोंडून दहा वर्षांच्या पोराचा घोगरा, घाईचा आवाज आला:

"पळ गो, पळ! माझी आय येतंय!"